जलरंगात कमळ: पाकळ्या सपाट दिसतात, गुलाबी रंग मळतो

मानपाडा_ठाणे
मुलगी सातवीत आहे, एलिमेंटरी चित्रकला परीक्षेची तयारी चालली आहे. सध्या ए-फोर आकारात जलरंगात कमळ काढतेय. कागद कार्ट्रिज, रंग ट्यूबचे, ब्रश ४ आणि ८ नंबरचे गोल. पाकळ्या मोजून सारख्या काढते, तरी फूल कागदाला चिकटल्यासारखं दिसतं. मधला पिवळा लावला की शेजारचा गुलाबी मळकट होतो. पानं पाण्यावर आहेत असं वाटत नाही. नेमकं कुठे चुकतंय?

रेघ_नेरूळ
ताई, रंगाकडे नंतर येऊ. सपाटपणा रेखाटनातच येतोय, आणि त्याचं कारण तुम्हीच लिहिलं आहे: पाकळ्या सारख्या काढते. बाजूने पाहिलेल्या कमळात दोन पाकळ्या सारख्या दिसत नाहीत.

सुरुवात पाकळीपासून करू नका, मधल्या कोशापासून करा. ज्यात कमळगट्टे, म्हणजे कमळाच्या बिया, तयार होतात तो कोश म्हणजे उलटा शंकू, वरून सपाट. फूल साधारण १२ सेंमी रुंद काढायचं असेल तर कोशाचा माथा अडीच सेंमी रुंद आणि पाऊण सेंमी उंच असं आडवं लंबवर्तुळ काढा. त्याखाली शंकू निमुळता होत जिथे संपतो तिथे ठळक ठिपका द्या. सगळ्या पाकळ्या या ठिपक्याजवळूनच निघतात आणि देठही तिथूनच खाली जातो. पाकळीचा खालचा भाग दुसऱ्या पाकळीमागे लपला असला, तरी पेन्सिलीने फिकट रेघ ठिपक्यापर्यंत न्यायचीच, मग खोडायची. बहुतेक मुलांची पाकळी मध्येच कुठूनतरी उगवते, तिथेच फूल मोडतं.

आता पाकळ्या. प्रत्येक पाकळी ओंजळीसारखी खोलगट असते, मध्याच्या किंचित वर सर्वात रुंद, टोकाला बारीक अणकुची. समोरची पाकळी आपल्याकडे झुकलेली, म्हणून लांबीला कमी आणि रुंद दिसते. तिची बाहेरची बाजू आपल्याला दिसते. कडेच्या लांब आणि अरुंद. मागच्यांची फक्त आतली बाजू दिसते. आधी समोरची एक पूर्ण काढा, मग तिच्या मागून डोकावणाऱ्या दोन, मग कडेच्या, शेवटी मागच्या. सर्वात बाहेरच्या दोन-तीन खाली झुकवा. मधली शीर सरळ पट्टीने काढू नका, पाकळीच्या खोलगटपणाप्रमाणे वळवा. ही एक वळलेली रेघ निम्मं शेडिंग करून टाकते.

ओला_वॉश_कळवा
रंगाचं मी सांगतो. गुलाबीसाठी क्रिमसन लेकमध्ये पांढरा मिसळत असाल तर थांबवा. जलरंगात पांढरा घातला की रंग खडूसारखा कोरडा, अपारदर्शक होतो. क्रिमसन पाण्यानेच फिका करायचा, उजेड कागदाच्या पांढऱ्यातून येऊ द्यायचा.

एका वेळी एकच पाकळी. ८ नंबरच्या ब्रशने स्वच्छ पाणी फिरवा. कागद चमकतो आहे पण पाणी साचलेलं नाही, अशा क्षणी टोकाला दाट क्रिमसन टेकवा आणि बोर्ड बुडाकडे थोडा कलता करा. रंग स्वतः उतरत फिका होतो. गुलाबी कमळाच्या पाकळीचा रंग तसाच असतो, टोकाला गडद आणि बुडाशी जवळजवळ पांढरट, म्हणून बुडाशी ब्रश नेऊच नका. शेजारची पाकळी लगेच घेऊ नका. एक सोडून एक रंगवा, नाहीतर दोन ओल्या कडा एकमेकींत शिरतात. अर्धवट वाळलेल्या पाकळीवर पाण्याचा थेंब पडला तर दातेरी डाग पडतो, तो पुसायला जाऊ नये. ठाण्यात पावसाळ्यात कागद फार हळू वाळतो. हाताची मागची बाजू कागदाला हलकी टेकवा. गार लागला तर आतून ओला आहे.

पिवळा मळतो कारण तो ओल्या गुलाबीवर लागतोय किंवा ब्रशमध्ये क्रिमसन उरलेला असतो. पिवळा सर्वात आधी: कोशावर लेमन यलोमध्ये चिमूटभर सॅप ग्रीन, भोवतीच्या पुंकेसरांना नुसता लेमन यलो. तो पूर्ण वाळल्यावर पाकळ्या. पाण्याची भांडी दोन ठेवा. सावलीत काळा अजिबात नको. क्रिमसनमध्ये थोडा अल्ट्रामरीन घालून पातळ जांभळट करा आणि जिथे एक पाकळी दुसरीखाली जाते तिथेच लावा. शिरा सगळ्यात शेवटी, बुडापासून टोकाकडे, ब्रश जवळजवळ कोरडा.

खारघर_पाणपान
पानाबद्दल, कारण चित्रात सर्वात जास्त चुका तिथेच असतात. कमळाच्या पानाला खाच नसते. खाच असलेलं, पाण्यावर चिकटून तरंगणारं पान कुमुदाचं, म्हणजे वॉटर लिलीचं. फूल कमळाचं आणि पान कुमुदाचं अशी सरमिसळ छापील चित्रांतही सर्रास दिसते. कमळाचा देठ पानाच्या खालून मधोमध जोडलेला असतो, म्हणून शिरा मध्यापासून चहूबाजूंना जातात. मोठी पानं पाण्याच्या वर उभी राहतात, कोवळी तेवढी तरंगतात. पान फुलाच्या दुप्पट-अडीचपट रुंद ठेवा. तरंगणारी पानं दूर जातील तशी त्यांची लंबवर्तुळं अधिक चपटी करा. पाणी त्यानेच आडवं पसरतं. रंग सॅप ग्रीनमध्ये थोडा प्रशियन ब्लू, कारण पानावर मेणाचा निळसर थर असतो. उलटी बाजू फिकी.

पानावरच्या थेंबाची प्रकाशाकडची बाजू गडद, त्यात कागदाचा पांढरा ठिपका सोडायचा. विरुद्ध बाजू उजळ आणि तिच्या बाहेर बारीक सावली. उलटं केलं तर तो थेंब न दिसता खडा दिसतो.

खरं फूल हवं असेल तर जांभळी नाक्याच्या फूलबाजारात सणाच्या आसपास बघा. कमळ म्हणून कुमुदही विकतात, पाकळ्या अरुंद असतील आणि मधे शंकू नसेल तर ते कमळ नाही.

मानपाडा_ठाणे
खाचेचं पान आम्हीही काढत होतो! दोन प्रश्न: बुडाशी चुकून गडद गुलाबी गेला तर काढता येईल का? आणि संकल्पचित्रात (डिझाइनमध्ये) कमळ घ्यायचं तर हेच नियम?

ओला_वॉश_कळवा
क्रिमसन डाग धरतो, पूर्ण निघत नाही. वाळू द्या, ओलसर ब्रश दोनदा फिरवा, टिश्यू दाबून उचला. कार्ट्रिज कागद तिसऱ्या वेळी खरवडतो, तिथेच थांबा. पुढच्या चित्राला ३०० जीएसएमचा जाड कागद घ्या, तो फारसा फुगतही नाही.

रेघ_नेरूळ
संकल्पचित्रात नियम उलटे. तिथे फूल वरून पाहिल्यासारखं: वर्तुळाचे ४५ अंशांनी आठ भाग, एक पाकळी ट्रेसिंगवर नीट काढून आठही ठिकाणी उतरवा, मधल्या फटींत मागच्या रांगेची टोकं. इथे पाकळ्या सारख्याच हव्यात. अजिंठ्याच्या छतांवरची कमळं तिला दाखवा, वर्तुळात फूल कसं बसवलं आहे ते तिथे दिसेल. रंग पोस्टर कलर, सपाट, छटा नको. रंगाचा दुसरा थर पहिल्याला काटकोनात द्या, ब्रशच्या रेघा दिसत नाहीत.