बोलण्यांनी जमीन सुटते की नाही?

वाघबीळकर: काल इथे एकाने लिहिलं, ‘शेजारी देशाशी बोलणी म्हणजे चहापाणी, चर्चेने सीमा कधी सुटत नाही.’ वाचून डोकं उठलं. बांगलादेश विसरलात? त्यांच्या हद्दीत आपले १११ तुकडे होते, आपल्या हद्दीत त्यांचे ५१. दहाला खग्राबारी नावाचं एक तागाचं शेत भारताचं. भोवती बांगलादेशचा तुकडा, त्याभोवती पुन्हा भारत, त्याभोवती बांगलादेश! या छिटमहलांतल्या, म्हणजे असल्या तुकड्यांतल्या, माणसांना कुठलंच सरकार आपलं म्हणत नव्हतं. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल झाली, कुणी कुठल्या देशाचं व्हायचं ते ज्याचं त्याने ठरवलं. हे युद्धाने झालं का?

ऐरोली सेक्टर ८: इंदिरा-मुजीब करार १९७४ चा. ४१ वर्षं लागली, तीही मित्रदेशाबरोबर. चीनचं बोला. २००३ पासून विशेष प्रतिनिधी भेटतायत, तरी २०२० ला गलवानमध्ये २० जवान गेले. माझा मावसभाऊ तेव्हा लेहला होता. कित्येक दिवस फोन नाही. मावशीने टीव्ही बंद करून ठेवला होता, कुणी लावला तर अंगावर धावून यायची. मला चर्चेचं कौतुक सांगू नका.

खानापूरची लेक: चीन कशाला, बेळगाव घ्या. आजोबांच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो. तो घेऊन मी वागळे इस्टेटमधल्या उडप्याकडे जाते. गल्ल्यावरचे अण्णा गिऱ्हाईक थांबवून, बोट ठेवून एकेक ओळ वाचून दाखवतात. स्वतःच्या जमिनीचा कागद!

ऐरोली सेक्टर ८: ताई, विषय दोन देशांचा आहे.

खानापूरची लेक: एका देशात असूनही सुटत नाही म्हणून तर जीव जळतो. २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडलंय.

घणसोलीचे काका: या वादावर महाजन आयोग मागितला कुणी? आपणच, महाराष्ट्राने. १९६७ ला अहवाल आला, तो नाकारलाही आपणच. मी धारवाडला नोकरी केलीय, तिथले लोक हेच तोंडावर मारायचे.

खानापूरची लेक: आयोगाने बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं, मग काय आरती ओवाळायची? काका, धारवाडात पगार घेतलात म्हणून त्यांची बाजू घेऊ नका.

घणसोलीचे काका: पगारावर जाऊ नकोस. बाजू घेत नाही, झालं ते सांगतोय.

वाघबीळकर: अहो, मूळ मुद्दा! ऑक्टोबर २०२४ मध्ये लडाखच्या चीन सीमेवर देपसांग आणि देमचोकची गस्त कशाने सुरू झाली? बोलण्यांनीच ना?

ऐरोली सेक्टर ८: गस्त सुरू झाली, एवढं मान्य. पण सीमारेषा ठरली का? दोन्हीकडची फौज अजून वरच आहे. आणि बोलणी झाली तीही आपले जवान चार हिवाळे तिथे ठाण मांडून बसले म्हणून.

वाघबीळकर: ते मी कधी नाकारलं? जवान उभे होते म्हणून बोलता आलं, आणि बोललो म्हणून आणखी वीस गेले नाहीत. तुमच्या मावशीला विचारा.

ऐरोली सेक्टर ८: मावशीला मध्ये आणू नका. ती तुमच्याच बाजूने बोलेल, ते माहितीय मला.

खानापूरची लेक: काका, रागात बोलले. कन्नड वाचता येत असेल तर उताऱ्याचा फोटो पाठवते. अण्णा गावी गेलेत.

घणसोलीचे काका: पाठव. ठळक काढ, चष्म्याचा नंबर वाढलाय.