प्रतिसाद: रेगे ऐकताना बेसकडे कान द्या

वर एकांनी लिहिलंय की बॉब मार्ली सोडला तर रेगेची, म्हणजे जमैकातल्या त्या संगीताची, सगळी गाणी एकसारखीच वाटतात. वाटणारच! आपण चाल आणि शब्द धरून ऐकतो, आणि रेगेचा जीव असतो बेस नि ड्रममध्ये. मार्लीच्या बँडचे, म्हणजे वेलर्सचे, बॅरेट बंधू ऐका: अ‍ॅस्टन बेसवर, कार्ल्टन ड्रमवर. चार मात्रा मोजा. पहिलीवर ड्रम गप्प, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पडते थेट तिसरीवर. यालाच 'वन ड्रॉप' म्हणतात. रूपक तालात समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, 'खाली' (बिनठोक्याची मात्रा) येते ना, साधारण तसाच चकवा. गिटारचा तो तुटक 'चक' दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर.

आधी जमैकातलंच वेगवान स्का, मग १९६६ च्या सुमारास संथ झालेलं रॉकस्टेडी, आणि १९६८ च्या आसपास रेगे, हा क्रम बहुतेकांना माहीत असेल. मला जास्त भारी वाटतो तो किंग टबी. जमैकाची राजधानी किंग्स्टनमध्ये रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा माणूस. तयार गाण्यातला गायकाचा आवाज काढून टाकायचा, मधेच एखादाच शब्द सोडायचा, तोही इकोत विरघळवून. उरायचे फक्त बेस आणि ड्रम. हेच डब. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला असं 'व्हर्जन' असायचं आणि साउंड सिस्टिमवाले (मोठे स्पीकर लावून नाचाच्या पार्ट्या करणारे) त्यावर माइक घेऊन बोलायचे. किंग्स्टनमध्येच जन्मलेल्या डीजे कूल हर्कने पुढे न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये साउंड सिस्टिम थाटली, तिथून हिपहॉप सुरू झालं.

आणि कृपा करून मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, बेसच गायब होतो.