मदत हवी: गीझर, एसी, मोटर एकाच लायनीवर, एमसीबी पडतोय (सांगली)

नमस्कार मंडळी,

घर गावभागात, वायरिंग जुनं, दीडची (दीड चौरस मिमी जाडीची) वायर. वर २ किलोवॅटचा गीझर होताच. यंदा उन्हाळ्याने जीव नकोसा केला म्हणून दीड टनाचा एसी घेतला. बसवणाऱ्या पोराने गीझरच्याच लायनीतून फाटा काढून सॉकेट दिला. पाण्याची १ एचपीची मोटरही तिथेच.

पहाटे एसी चालू असतो, नळाला पाणी आलं की मोटर लावावी लागते आणि आण्णांना नेमकी तेव्हाच अंघोळ. तिन्ही चालली की १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडतो. लगेच नाही, बऱ्याच वेळाने. बोर्ड हाताला गरम लागतो.

वायरमनकाका म्हणतात, "३२ चा टाकू, कटकट मिटेल." माणूस भला आहे, पण मला हे पटेना. वॅटला २३० ने भागलं तर गीझरचे पावणेनऊ अँपिअर, एसीचे सात-साडेसात, मोटरचे पाच-सहा. म्हणजे २१-२२. मग एमसीबी पडतोय ते बरोबरच ना?

आणखी एक. २०१९ च्या महापुरात खालच्या मजल्यावर पाणी होतं. नंतर बोर्ड वर घेतले, पण पाईपातल्या वायरी त्याच. ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा, शॉकपासून वाचवणारा स्विच) नाही. अर्थिंगचा खड्डा गाळात गेला, तो कुणी उघडलेला नाही. काय काय करून घेऊ?

प्रतिसाद:
३२ चा अजिबात नको. एमसीबी वायर वाचवायला असतो, गीझर नव्हे. दीडच्या वायरीवर ३२ चा लावला तर वायर जळेल आणि एमसीबी बघत बसेल. शॉर्ट असता तर क्षणात पडला असता. उशिरा पडतोय म्हणजे ओव्हरलोडच.

मेन बोर्डापासून दोन नव्या लायनी ओढा. गीझरला अडीचची वायर, १६ चा एमसीबी; एसीला चारची, २० चा, सी टाइप (चालू होतानाचा करंटचा झटका सोसणारा). मोटर जुन्या लायनीवर राहू दे. न्यूट्रल प्रत्येकाचा वेगळा घ्या, नाहीतर पुढे आरसीसीबी (हल्ली ईएलसीबीच्या जागी हाच लावतात) विनाकारण पडत राहील आणि कुणीतरी वैतागून तोच काढून टाकेल. आरसीसीबी ३० एमएचा (मिलिअँपिअरचा). गीझर आहे तिथे त्याच्याशिवाय आणि अर्थिंगशिवाय अंघोळ करू नये, असं माझं स्पष्ट मत. खड्डा आधी उघडा. पुरात भिजलेल्या वायरींना मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या, नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. वीजबिलावर मंजूर भार किती आहे?

धागाकर्ता:
मंजूर भार २ किलोवॅटच दिसतोय! पाईप भरलेला आहे, चारची वायर जाणार नाही. बाहेरून केसिंग पट्टी चालेल का?

प्रतिसाद:
चालेल, मोठ्या मापाची घ्या, मधे जोड नको. मंजूर भार वाढवायचा अर्ज मात्र आधी करा. मीटरपासूनची मेन वायर आणि मेन स्विचही त्या हिशोबाने बदलावे लागतील. तोवर मोटर चालू असताना एसी बंद ठेवा. गीझर त्या दोन्हींनंतर.