डुक्कर फियाट आणि पद्मिनी
कुणीतरी म्हटलंय की डुक्कर फियाट हे प्रीमियर पद्मिनी गाडीचंच जुनं नाव. तसं नाही हो. डुक्कर म्हणजे त्याआधीचं फियाटचं ११००-१०३ हे मॉडेल, इटलीत १९५३ साली आलेलं. पद्मिनीचं मूळ फियाटच्याच नंतरच्या ११०० डी गाडीमध्ये. ती आपल्याकडे १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ‘डिलाइट’ नावाने बनू लागली आणि १९७४ मध्ये तिचं पद्मिनी असं बारसं झालं. इंजिन मात्र दोन्हींत १०८९ सीसीचंच, म्हणून गोंधळ होतो.

ओळखायचं कसं? दाराची मूठ बघा. डुकरात पुढच्या-मागच्या दोन्ही दारांच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर, त्यामुळे पुढच्या दाराची मूठ बोनेटच्या बाजूला येते आणि दार उलटं उघडतं. चारही दारं उघडी टाकली की गाडीला कान फुटल्यासारखं दिसतं! आमच्या काकांकडे होती; साडी सावरत अलगद सीटवर बसता येतं म्हणून काकूंना तेच दार आवडायचं. चालत्या गाडीत खटका सुटला तर वाऱ्याने सताड उघडायचं, तो धोका खराच.

कुणाकडे डुकराच्या मूळ बिजागऱ्या असतील तर जपा. माझ्या मते त्या गाडीचा खरा दागिना तोच.