दोन सीआय (कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खऱ्या सरासरीचा अंदाजी पट्टा) एकमेकांवर चढले तर 'फरक नाही' लिहायचं ना? (घाई आहे)

मुग्धा_एमएससी: उद्या सकाळी जर्नल द्यायचं आहे. झोपेची दोन औषधं, प्रत्येकाची १० निरीक्षणं. पहिल्याने झोप सरासरी ०.७५ तास वाढली, ९५ टक्के सीआय −०.५३ ते २.०३. दुसऱ्याने २.३३ तास, सीआय ०.९० ते ३.७६. दोन्ही एकमेकांवर चढतात. म्हणजे फरक नाही ना? हो की नाही एवढंच सांगा.

साताऱ्याचा_सांख्यिक: नाही. गट स्वतंत्र असतील आणि सीआय अजिबात चढत नसतील तर फरक सार्थक (नुसता योगायोग म्हणून सोडता न येणारा) असतो, पण चढले म्हणून फरक नाही असं होत नाही. नमुने मोठे आणि स्टँडर्ड एरर (सरासरी नमुन्यागणिक किती हलते त्याचं माप) सारख्या असतील तर इंटरव्हल सुटे व्हायला सरासऱ्यांत ३.९२ एररचं अंतर लागतं, सार्थक ठरायला २.७७ पुरतं. फरकाची एरर काढताना दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ घेतात, सरळ बेरीज नाही. फरकाचाच सीआय काढा.

रानवाट: एवढं कशाला? १० निरीक्षणांना मान-व्हिटनी (आकड्यांच्या क्रमावर चालणारी चाचणी) लावा आणि मोकळ्या व्हा. मी प्रबंधात सगळीकडे तेच लावलं, परीक्षकांनी एक शब्द काढला नाही.

साताऱ्याचा_सांख्यिक: परीक्षक गप्प बसले म्हणून ते बरोबर ठरत नाही. प्रश्न सरासऱ्यांचा आहे.

मुग्धा_एमएससी: वेल्चच्या टी-चाचणीने फरकाचा सीआय काढला. फरक १.५८, सीआय −०.२१ ते ३.३७, पी (खरा फरक नसताना एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) ०.०७९. ९५ टक्के शक्यता आहे की खरा फरक यात आहे, आणि शून्यही यात आहे. म्हणजे माझंच बरोबर?

मास्तर_अकोला: '९५ टक्के शक्यता' लिहू नका, खोडलं जाईल. संख्याशास्त्रज्ञ नेमन यांनी १९३७ साली मांडलं ते पद्धतीबद्दल: पुन्हापुन्हा नमुने घेतले तर अशा इंटरव्हलांपैकी ९५ टक्के खरी किंमत पकडतील. हाती आलेल्या एकाबद्दल ते बोलत नाही. माझा निम्मा वर्ग दरवर्षी इथेच अडतो.

रानवाट: म्हणूनच बेजियन पद्धत शिकवा, तिथे हाती आलेल्या पट्ट्याबद्दल शक्यता बोलता येते.

गणकयंत्र: एक्सेलमध्ये सीआयसाठी कॉन्फिडन्स.टी फंक्शन वापरा. कॉन्फिडन्स.नॉर्मने लहान नमुन्यात पट्टा अरुंद येतो.

मुग्धा_एमएससी: एक्सेल नाही हो, आर (सांख्यिकीचं सॉफ्टवेअर).

साताऱ्याचा_सांख्यिक: थांबा. हा आरमधलाच 'स्लीप' डेटा ना? 'स्टुडंट' नावाने लिहिणाऱ्या गॉसेटने १९०८ च्या लेखात वापरलेला? रुग्ण एकूण किती?

मुग्धा_एमएससी: तोच. १० रुग्ण, दोन्ही औषधं त्यांनाच दिलेली. आयडीचा कॉलम लागणार नाही वाटलं म्हणून काढून टाकला.

साताऱ्याचा_सांख्यिक: अहो, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! माणसामाणसांतला फरक मोठा आहे, तोच तुमचे इंटरव्हल फुगवतोय. प्रत्येक रुग्णाची वजाबाकी करा आणि त्या १० आकड्यांचा सीआय काढा.

मुग्धा_एमएससी: ०.७० ते २.४६! पी ०.००२८. आकडे तेच आणि निष्कर्ष उलटा.

रानवाट: एकाचा फरक ४.६ आहे, बाकी सगळे अडीचच्या आत. विलकॉक्सनच (जोड्यांच्या फरकांच्या क्रमावर चालणारी चाचणी) हवी.

मास्तर_अकोला: तिथे फरकांतलं एक शून्य आणि दोन सारखे १.३ आडवे येतात, आर अचूक पी देत नाही म्हणून कुरकुरतं. ४.६ चा उल्लेख मात्र जर्नलमध्ये करा.

मुग्धा_एमएससी: करते. दोन सीआय शेजारीशेजारी दाखवलेला आलेख ठेवू का?

साताऱ्याचा_सांख्यिक: नको, वाचणारा तिथेच फसेल. प्रत्येक रुग्णाचे दोन बिंदू रेघेने जोडा, बाजूला फरकाचा सीआय काढा. त्यासाठी आधी आयडी परत आणा.