बॉम्बे गटात ए-बीची जनुकं शाबूत असू शकतात

बॉम्बे हा एक दुर्मिळ रक्तगट; त्यात तांबड्या पेशींवर एच ही पायाभूत साखरच नसते, जिच्यावर ए आणि बीची साखर बसते. 'बॉम्बे गटात ए आणि बीची जनुकंच नसतात' असं कुणी म्हटलं, तर ते बरोबर नाही. ए, बी की ओ हे ठरवणारं एबीओ जनुक ९व्या गुणसूत्रावर असतं आणि ते अगदी ठणठणीत असू शकतं. बिघाड आहे १९व्या गुणसूत्रावरच्या एफयूटी१ मध्ये, म्हणजे तांबड्या पेशींवर एच बनवणाऱ्या एन्झाइमच्या जनुकात. भारतीय प्रकारात या जनुकाच्या डीएनएत ७२५व्या जागी टी या अक्षराऐवजी जी येतो, २४२वं अमिनो आम्ल ल्युसिनचं आर्जिनिन होतं आणि एन्झाइम निकामी. शेजारचं एफयूटी२, म्हणजे लाळेतला एच बनवणारं जनुक, तर अख्खं गळालेलं, त्यामुळे लाळेतही एच नाही. एचच नाही, तर ए किंवा बीची साखर चिकटणार कुठे? म्हणूनच 'ओ' वाटणाऱ्या आईला एबी मूल होऊ शकतं.

नुसतं फॉरवर्ड ग्रुपिंग (पेशंटच्या पेशींवर अँटी-ए, अँटी-बी घालून बघणं) केलं तर हे रक्त बिनबोभाट ओ म्हणून सुटतं. रिव्हर्समध्ये, म्हणजे पेशंटच्या सीरममध्ये माहीत गटाच्या पेशी घालून बघताना, ओ सेल्स घातल्या की घट्ट गुठळी दिसते. ऑटो कंट्रोल (पेशंटचं सीरम त्याच्याच पेशींवर) निगेटिव्ह आहे ना ते आधी बघायचं, मग अँटी-एच लेक्टिन (एचला चिकटणारं प्रथिन) लावायचं. तेही निगेटिव्ह आलं की बॉम्बे धरूनच चालायचं. उलट, फक्त एबीओची पीसीआर (जनुकाची चाचणी) करणारे दुसऱ्या टोकाला फसतात: अहवालात 'ए' येतं, आणि पेशंटच्या सीरममध्ये अँटी-ए, अँटी-बी, अँटी-एच या तिन्ही अँटीबॉडी हजर. अँटी-एच ३७ अंशाला, म्हणजे शरीराच्या तापमानालाही काम करतो, त्यामुळे ओची पिशवीसुद्धा चालत नाही.