टेस्टमध्ये रिफ्लेक्शन लावून प्रायव्हेट प्रॉपर्टी वाचणं थांबवा

कोडकरी
परवा इथे कुणीतरी सल्ला दिला: 'प्रायव्हेट प्रॉपर्टी तपासायची तर रिफ्लेक्शनप्रॉपर्टी वापरा, दोन ओळींत काम होतं.' रिफ्लेक्शन म्हणजे चालू प्रोग्राममधूनच क्लास आणि प्रॉपर्ट्या तपासायची पीएचपीतली सोय; बाहेरून बंद असलेली प्रायव्हेट प्रॉपर्टीही त्याने वाचता येते. तो सल्ला वाचून राहवलं नाही. नव्या मुलांना हे शिकवू नका! प्रॉपर्टीचं नुसतं नाव बदललं, क्लासचं काम तसंच राहिलं, तरी टेस्ट लाल होतात. पूर्वी प्रायव्हेट उघडायला निदान सेटअ‍ॅक्सेसिबल लिहावं लागायचं, रिव्ह्यूत ते डोळ्यावर यायचं. पीएचपी 8.1 पासून तेही लागत नाही.

टेस्टवाला
तुमच्याकडे गेटर (प्रॉपर्टीची व्हॅल्यू बाहेर देणारी मेथड) नसलेले अवाढव्य क्लास नसतील. आमचा बिलिंगचा कोड पीएचपी 5.3 च्या काळातला आहे. त्याला हात लावण्याआधी आत काय चाललंय ते कसं पकडू? आणि लाराव्हेल फ्रेमवर्कचा कंटेनर, म्हणजे ऑब्जेक्ट बनवून देणारा भाग, तरी काय करतो? रिफ्लेक्शनच.

कोडकरी
बिल काढा, आलेली रक्कम तपासा. कंटेनर कन्स्ट्रक्टरचे (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडचे) पॅरामीटर वाचतो, कुणाच्या प्रायव्हेटमध्ये हात घालत नाही.

सर्व्हरकाका
डॉक्ट्रिन, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदींचे ऑब्जेक्ट करणारी लायब्ररी, घालतं की! कन्स्ट्रक्टर न चालवता ऑब्जेक्ट बनवतं आणि प्रायव्हेट प्रॉपर्ट्या भरतं. पण माझं दुखणं वेगळंच आहे: डॉकब्लॉक, म्हणजे क्लासवरच्या कमेंट. त्यांत लिहिलेल्या सूचना (अ‍ॅनोटेशन) लायब्ररी रिफ्लेक्शनने वाचतात. एका क्लायंटच्या सर्व्हरवर कुणीतरी ऑपकॅशचं (पीएचपी कोडच्या कॅशचं) सेव्ह कमेंट्स, म्हणजे कमेंट जपून ठेवणारं सेटिंग, बंद केलं होतं. लोकलला सगळं सुरळीत, लाइव्हला पहिल्याच रिक्वेस्टला एक्सेप्शन. रात्र गेली त्यात. कमेंट काढल्यावर प्रोग्राम कोसळतो, ही काय रीत झाली?

टेस्टवाला
ते सेटिंग मुळात चालूच असतं. बंद करणाऱ्याला जाब विचारा, रिफ्लेक्शनला कशाला?

सर्व्हरकाका
कुणी बंद केलं हा प्रश्नच नाही! कमेंट माणसांसाठी असते. 8.0 मध्ये अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे कमेंटऐवजी कोडमध्येच लिहायच्या अशा सूचना, आले ते याचसाठी. डॉक्ट्रिनच्या ओआरएम लायब्ररीच्या आवृत्ती 3 ने तर अ‍ॅनोटेशन काढूनच टाकलं. अजून काय पुरावा हवा तुम्हाला?

टेस्टवाला
आवाज चढवून उपयोग नाही, काका. अ‍ॅट्रिब्यूटसुद्धा गेटअ‍ॅट्रिब्यूट्सनेच वाचतात, म्हणजे रिफ्लेक्शननेच.

सर्व्हरकाका
वाचू देत. ते भाषेच्या व्याकरणात बसतं, चुकलं तर कळतं. कमेंटमध्ये काहीही खपतं. माझी रात्र तुम्ही जागला नाहीत.

बॅकएंडताई
मूळ मुद्द्यावर या. पॅरेंट क्लासच्या (ज्यावरून आपला क्लास बेतलाय त्याच्या) प्रायव्हेट प्रॉपर्ट्या गेटप्रॉपर्टीज देतच नाही, गेटपॅरेंटक्लास करत वर चढावं लागतं. टाइप लावलेल्या प्रॉपर्टीत अजून व्हॅल्यू नसेल तर गेटव्हॅल्यू थेट एरर फेकतं, म्हणून आधी इजइनिशियलाइज्ड विचारावं लागतं. कुठल्या दोन ओळी? मी असा हेल्पर (टेस्टला मदत करणारा छोटा कोड) सांभाळलाय. मूळ क्लासपेक्षा जास्त दुरुस्त्या त्यालाच लागायच्या.

टेस्टवाला
बरं, नव्या कोडपुरतं मान्य. पण बिलिंगला मी रिफ्लेक्शनच लावणार. क्लास छोट्या भागांत फोडून झाला की त्या टेस्ट काढून टाकेन.

कोडकरी
मग काढायची तारीख त्या टेस्टच्या माथ्यावरच लिहा, आणि रिव्ह्यू करणाऱ्यालाही सांगून ठेवा. अशा तात्पुरत्या टेस्ट वर्षानुवर्षं राहिलेल्या पाहिल्यात मी. त्या मोडतील या भीतीने क्लासला कुणी हात लावत नाही.